ऑर्किडची पाने पिवळी पडली तर खत बदलण्यापूर्वी काय तपासावे

पुण्यातील एका भगिनींनी आपल्या तीन ऑर्किडविषयी विचारले आहे. त्यांच्या दिवाणखान्यातील फॅलेनॉप्सिसची खालची दोन पाने एकापाठोपाठ पिवळी पडली. बाल्कनीतील कॅटलियाच्या नव्या फुटव्याचे कोवळे पान टोकाकडून काळे पडू लागले आहे. ग्रिलमधील डेंड्रोबियम सोनियाची नवी पाने फिकट पिवळी निघत असून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या आहेत. आतल्या दोन झाडांना त्या आरओचे पाणी देतात आणि ग्रिलमधल्या झाडाला सोसायटीच्या बोअरवेलचे, ज्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ६५०च्या आसपास आहे. तिन्ही झाडांना दर आठवड्याला १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) असलेले विद्राव्य खत लिटरला एक चमचा या प्रमाणात मिळते. कॅटलियाची कुंडी दुकानातून आणलेल्या कोको चिप्सने, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांनी, भरलेली आहे. कोणी त्यांना एप्सम सॉल्ट सुचवले, कोणी सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी, तर कोणी खताचे प्रमाण वाढवायला सांगितले. यांपैकी नेमके काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्नाचा रोख "कोणते अन्नद्रव्य कमी पडले आहे" असा आहे. पण माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, झाडाला जे दिले जात आहे ते पानापर्यंत का पोहोचत नाही. मी पालघर जिल्ह्यात शेडनेटमध्ये डेंड्रोबियम आणि व्हँडा यांची लागवड करतो आणि घरगुती बागा करणाऱ्यांची झाडेही नेहमी पाहतो. "कमतरता आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या झाडांपैकी बहुतेकांच्या कुंडीत खत पुरेसे, अनेकदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. अडचण असते ती कुजलेल्या मुळांत, साचलेल्या क्षारांत किंवा पाण्यात. पान आपल्याला कोणते द्रव्य पोहोचले नाही हे सांगते, ते का पोहोचले नाही हे सांगत नाही. त्यामुळे केवळ पानाचे छायाचित्र पाहून औषध सुचवणे मला पटत नाही, आणि खाली जे लिहितो आहे तेसुद्धा आपण कुंडी उघडून पाहिल्यावर थोडेफार बदलू शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात मुळांपासून करावी. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते कोरडे असताना रुपेरी दिसते आणि भिजले की आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी आणि त्यात विरघळलेली खते प्रथम या आवरणात शोषली जातात आणि तेथून आतल्या पेशींत जातात. कुंडी हलकेच आडवी करून मुळांचा गोळा बाहेर काढा आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक मूळ दाबून पाहा. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेले मूळ दाबताच पाणी सोडते, आवरण हातात निघून येते आणि आत फक्त दोऱ्यासारखी तार उरते. त्यानंतर मुळांची टोके बघा. वाढत्या मुळाचे टोक ओले, चकचकीत, हिरवे किंवा जांभळट असते. ते करपून तपकिरी होऊन थांबले असेल आणि कुंडीच्या काठावर, चिप्सवर पांढरी पापडी धरलेली असेल, तर क्षार साचले आहेत हे नक्की समजावे. मुळे निम्म्याहून अधिक गेलेली असतील तर झाडाला कोणतेही खत देऊन उपयोग नाही, कारण ते घेणारेच कोणी उरलेले नाही.

मुळे ठीक असतील तरच पानांच्या भाषेला अर्थ आहे आणि तिथे पहिली खूण म्हणजे पानाचे वय. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या वाढीला देते, म्हणून लक्षण खालच्या पानांवर उमटते. कॅल्शियम, लोह आणि बोरॉन एकदा पानात बसले की तेथून फारसे हलत नाहीत, त्यामुळे त्यांचा तुटवडा नव्या पानावर, पोंग्यात किंवा मुळाच्या टोकाशी दिसतो. मँगनीजही साधारण याच गटात मोडते. गंधक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येते, पण ऑर्किडमध्ये त्याची कमतरता क्वचितच आढळते.

जुन्या पानांतही फरक असतो. संपूर्ण पान एकसारखे फिकट होत पिवळे पडले आणि नवी पाने आधीच्या पानांपेक्षा लहान निघू लागली, तर नत्राचा विचार करावा. कडा आणि टोके पिवळी होऊन वाळत आत सरकली, तर पालाशचा. शिरांच्या मधला भाग पिवळा पडला आणि कधी त्यावर तांबूस झाक आली, तर मॅग्नेशियमचा. स्फुरदाच्या कमतरतेत पाने गडद, निस्तेज हिरवी राहतात, वाढ खुंटते आणि जांभळट छटा येते. मात्र घरगुती ऑर्किडमध्ये ही कमतरता फार विरळा, कारण बाजारातील बहुतेक खतांत स्फुरद गरजेपेक्षा जास्तच असते. पुण्याच्या थंडीत फॅलेनॉप्सिसच्या पानाची खालची बाजू जांभळी झाली की लोक ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचे खत फवारतात. ती झाक बहुधा थंडीने, कडक उजेडाने किंवा त्या जातीच्या मूळ स्वभावाने आलेली असते. फॅलेनॉप्सिसला फुलदांडा येण्यासाठी काही आठवडे थंडावा लागतो, तो स्फुरद वाढवून मिळत नाही. उलट जादा स्फुरदामुळे लोह आणि जस्त अडकून पडतात.

कमतरतेसारख्या दिसणाऱ्या पण कमतरता नसलेल्या गोष्टीही इथेच तपासून घ्याव्यात. उन्हाळ्यात पानाच्या मागच्या बाजूला लाल कोळी लागले की पान रुपेरी, ठिपक्याठिपक्यांचे दिसते. पांढरा टिश्यू पेपर पानाखालून फिरवला आणि त्यावर तांबूस डाग आले, तर तेथे खताचा संबंध नाही. उन्हाने भाजलेला डाग फक्त सूर्याकडच्या बाजूस असतो. हिरव्या-पिवळ्या तुटक पट्ट्या, खोलगट काळे चट्टे आणि फुलांत रंगाचे फराटे दिसले, तर विषाणूची शंका घ्यावी. सिंबिडियम मोझॅक विषाणू ऑर्किडमध्ये जगभर आढळतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर तो मुख्यतः कात्रीतून जातो. त्यावर औषध नाही, झाड वेगळे काढावे लागते. आणखी एक खूण फार महत्त्वाची आहे. फॅलेनॉप्सिसचे पान टोकाकडून नव्हे, तर खोडाला चिकटलेल्या बुडाकडून पिवळे होत असेल, किंवा वरच्या पानांपैकी एखादे असे अचानक पिवळे पडले असेल, तर खोडकूज समजून त्याच दिवशी हालचाल करावी. आठवडाभर खताचा प्रयोग करत थांबलात, तर झाड हातचे जाते.

आता आपल्या तिन्ही झाडांकडे येतो.

फॅलेनॉप्सिसचे सर्वांत खालचे एखादे पान अधूनमधून पिवळे होऊन गळणे हा त्याचा स्वभाव आहे, विशेषतः फुलोऱ्यानंतर. आपली दोन पाने लागोपाठ गेली म्हणून थोडे लक्ष द्यावे लागेल. नर्सरीतून आलेली फॅलेनॉप्सिस बहुधा घट्ट दाबलेल्या मॉसच्या (शेवाळाच्या) गोळ्यात लावलेली असतात. कुंडीचा बाहेरचा भाग कोरडा दिसतो आणि मधला गोळा दिवसेंदिवस ओलाच राहतो. तिथे वाफसा कधी येतच नाही आणि आतली मुळे गुदमरून कुजतात. त्यानंतर झाड खालच्या पानांतले पाणी आणि नत्र वापरून दिवस काढते आणि ते हुबेहूब नत्राच्या कमतरतेसारखे दिसते. पान पिवळे होण्याआधी ते मऊ पडले होते का, त्यावर सुरकुत्या आल्या होत्या का, हे आठवून पाहा. नत्र कमी असलेले पान पिवळे असले तरी ताठ असते, मुळे गेलेल्या झाडाचे पान आधी लोळागोळा होते. अशा झाडाची कुजलेली मुळे ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्याने काढावीत, मधला मॉस पूर्ण काढून टाकावा आणि साल व लोणारी कोळशाच्या मोकळ्या मिश्रणात लावावे. नवीन मुळांची हिरवी टोके दिसेपर्यंत खत अजिबात देऊ नये. दालचिनीची पूड कापलेल्या खोडावर चालेल, पण ती मुळांवर लावू नये, कारण ती चांगली मुळेही सुकवते.

कॅटलियाची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे, कारण तिथे तीन कारणे एकत्र आलेली दिसतात. कोवळ्या पानाचे टोक काळे पडणे आणि काळ्या भागामागे पिवळी कड असणे हे कॅल्शियमच्या तुटवड्याचे ठळक लक्षण आहे. तरीही दोन शक्यता आधी वगळाव्यात. क्षारांनी करपलेले टोक सहसा जून पानांवरही दिसते आणि ते कोरडे, तपकिरी असते. बुरशीची काळी कूज असेल, तर ती ओलसर, पाणी धरल्यासारखी असते, बहुधा फुटव्याच्या बुडापासून किंवा सालपटाच्या आतून सुरू होते आणि पाहता पाहता पसरते. आपला काळेपणा कोरडा असेल, टोकाशीच असेल आणि सावकाश खाली सरकत असेल, तर कॅल्शियमच धरून चालावे.

आता कॅल्शियम का मिळाले नाही ते पाहू. पहिले कारण पाणी. आरओमधून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ उरत नाहीत. दुसरे कारण खत. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद आणि पालाश आहेत, कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही नाही, त्यामुळे ते कितीही दिले तरी ही उणीव भरून निघत नाही. शिवाय पालाश आणि अमोनियाच्या रूपातील नत्र जास्त झाले की मुळे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी घेतात. तिसरे कारण कोको चिप्स. नारळाच्या सोडणात पालाश आणि सोडियम भरपूर असते आणि त्या तंतूंना कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवण्याची ओढ असते. चिप्स न धुता वापरल्या तर पालाश-सोडियम पाण्यात सुटते आणि त्यांच्या जागी कॅल्शियम चिप्सला चिकटून बसते. म्हणजे आपण थोडेफार कॅल्शियम दिले, तरी पहिला वाटा चिप्स घेतात. कोकणात आम्ही सोडणे सर्रास वापरतो, आणि ती चांगलीच आहेत, पण लावणीआधी ती तयार करावी लागतात. चिप्स पाण्यात रात्रभर भिजवाव्या, तपकिरी पाणी फेकावे आणि काढलेल्या पाण्याचा टीडीएस ताज्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत हे पुन्हा करावे. त्यानंतर लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात त्या एक रात्र बुडवून ठेवाव्या आणि पुन्हा एकदा धुऊन घ्याव्या.

कॅल्शियमच्या बाबतीत आणखी एक मर्म आहे. ते पाण्याबरोबर वर चढते आणि पानातून बाष्प बाहेर पडते त्या ओढीवर नव्या पानापर्यंत पोहोचते. कोवळे पान सालपटात गुंडाळलेले असते, त्यातून बाष्प फार कमी निघते. त्यातच जूनमध्ये हवा दमट आणि कोंदट झाली की कुंडीत कॅल्शियम असूनही टोक उपाशी राहते. म्हणून बाल्कनीत हवा खेळती ठेवणे हा इथे खताइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. छोटा पंखा मंद गतीने लावला तरी फरक पडतो. कॅल्शियमची फवारणी मात्र इथे फारशी उपयोगी नाही. जुन्या पानावर पडलेले कॅल्शियम नव्या पानाकडे जात नाही आणि फुटव्याच्या बेचक्यात साचलेले पाणी कुजेला आमंत्रण देते. काळे झालेले टोक परत हिरवे होणार नाही. काळेपणा पसरत असेल, तर निरोगी भागात थोडे आत घेऊन स्वच्छ पात्याने कापावे, नाहीतर तसेच राहू द्यावे.

डेंड्रोबियमचे कारण याच्या अगदी उलट बाजूचे आहे. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, शेतकरी याला केवडा पडणे म्हणतात, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मँगनीजच्या कमतरतेतही साधारण असेच दिसते. उसात चुनखडीच्या जमिनीवर हा केवडा ज्या कारणाने येतो, बहुधा त्याच कारणाने तो आपल्या कुंडीत आला आहे. दख्खनच्या काळ्या खडकातील बोअरवेलचे पाणी पुष्कळदा कठीण आणि बायकार्बोनेटयुक्त असते. असे पाणी रोज पडत राहिले की कुंडीतला पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा, ७.५च्या वर जातो. लोह तिथे असले तरी ते न विरघळणाऱ्या रूपात जाते. ऑर्किडला ५.५ ते ६.५ हा पीएच मानवतो. अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, कारण त्या पाण्यात तो थोड्याच वेळात गंजासारखा तळाशी बसतो. चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेले लोह, घ्यावे, पण कोणते तेही पाहावे. बाजारात सहज मिळणारे, १२ टक्के लोह असलेले ईडीटीए स्वरूप आम्लधर्मी पाण्यात टिकते, पीएच साडेसहाच्या पुढे गेला की ते तुटू लागते. डीटीपीए साधारण सात-साडेसातपर्यंत टिकते. ईडीडीएचए त्याहूनही वर टिकते आणि ते मुळांतून द्यायचे असते, त्याने पाणी गडद लाल होते. घरी ईडीटीएच असेल, तर ते आरओच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम विरघळवून सकाळी नव्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारावे आणि दहा-पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा. डेंड्रोबियमचे पान कॅटलियापेक्षा पातळ असल्याने फवारणी थोडीफार लागू पडते. पण हा तात्पुरता आधार आहे, पाणी सुधारल्याशिवाय पुढचे पानही पिवळेच येईल.

आणि पाण्यावरचा सर्वांत सोपा उपाय आपल्या घरातच आहे. आपल्याकडच्या एका पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही आणि दुसऱ्यात ते गरजेपेक्षा जास्त आहे. आरओचे दोन भाग आणि बोअरवेलचा एक भाग मिसळला, तर आपल्या आकड्यांप्रमाणे टीडीएस साधारण २५०च्या जवळ येईल आणि ते पाणी तिन्ही झाडांना चालेल. मात्र एक खात्री करून घ्या. टीडीएस मीटर क्षार किती आहेत ते सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. गीझरमध्ये, किटलीत पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस कमी येत असेल, तर ते कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. पाणी चवीला खारट असेल, किंवा सोसायटीने वॉटर सॉफ्टनर बसवला असेल, तर ते मिसळू नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, आणि सोडियम ऑर्किडच्या मुळांना घातक आहे. तसे असेल तर पूर्णपणे आरओवर राहून कॅल्शियम व मॅग्नेशियम बाहेरून द्यावे. पावसाळ्यात गच्चीवरचे पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन पुढचे पाणी पिंपात साठवले, तर आरओचीही गरज उरत नाही, पण त्यातही कॅल्शियम नसते हे विसरू नये.

आता खताच्या प्रमाणाबद्दल, कारण माझ्या मते आपल्या तिन्ही झाडांवर सर्वांत मोठा भार याचाच आहे. एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. १९ टक्क्यांच्या हिशेबाने लिटरभर पाण्यात ९५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नत्र होते. ऑर्किडला वाढीच्या काळात आठवड्याला १०० पीपीएमच्या आसपास पुरते. म्हणजे झाडांना नऊपट खत जात आहे. यात मीटरही फसवतो: १९:१९:१९ मधील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते आणि युरिया टीडीएस मीटरवर दिसत नाही, त्यामुळे आकडा पाहून पाणी सौम्य वाटते. ऑर्किड युरिया घेऊच शकत नाहीत असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही, फॅलेनॉप्सिसची मुळे युरिया थेट शोषतात असे प्रयोगांत दिसलेले आहे. प्रश्न खताच्या प्रकारापेक्षा प्रमाणाचा आहे.

म्हणून पुढचे तीन आठवडे खत पूर्ण बंद ठेवावे आणि कुंड्या धुऊन काढाव्यात. कुंडीच्या आकारमानाच्या चार-पाच पट पाणी सावकाश वरून सोडावे, अर्धा तास थांबावे आणि पुन्हा तितकेच सोडावे. त्यानंतर एक कप आरओचे पाणी वरून ओतून खाली येणारे पाणी वाटीत धरावे आणि मीटर लावावा. ओतलेल्या पाण्यापेक्षा खालच्या पाण्याचा आकडा ५००-६००ने जास्त आला, तर दोन दिवसांनी पुन्हा धुवावे. ही वाटी धरण्याची सवय दर महिन्याला ठेवली, तर पानावर लक्षण येण्याच्या कितीतरी आधी काय चालले आहे ते कळते. खत पुन्हा सुरू करताना एका आठवड्याला १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम द्यावे. दुसऱ्या आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, पाव ग्रॅम. यातून साधारण ९४ पीपीएम कॅल्शियम आणि २५ पीपीएम मॅग्नेशियम मिळते. बोअरवेलचे पाणी मिसळत असाल, तर दुसऱ्या आठवड्याचे हे प्रमाण निम्मे करा. अर्धा ग्रॅम चमच्याने मोजता येत नाही, त्यासाठी छोटा डिजिटल काटा घ्या, किंवा दहा लिटरच्या बादलीत ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, विरघळवा. कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट कमी पाण्यात एकत्र घोळू नका, जिप्समचा पांढरा साका तळाशी बसतो. प्रत्येक खत भरलेल्या बादलीत वेगळे विरघळवले की ही अडचण येत नाही. याच कारणाने स्फुरद असलेले १९:१९:१९ आणि कॅल्शियम एकाच दिवशी देत नाही.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण चुकीचे नाही, पण बोरॉन आणि तांबे यांची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते. फवारणीसाठी असलेले ग्रेड २ चे मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने, महिन्यातून एकदा, एवढेच पुरे. अंड्याच्या टरफलांबद्दल विचारणा नेहमी होते. ती कॅल्शियम कार्बोनेट आहेत, साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि जी थोडी विरघळतात ती पीएच वाढवतात, जो आपल्या डेंड्रोबियमला आधीच नको आहे. केळीच्या सालीचे पाणी पालाश देते, जे कोको चिप्समध्ये आधीच भरपूर आहे. शेंगदाणा पेंड आंबवून भरपूर पाण्यात पातळ केलेली निवळी मात्र चांगले नत्र देते. ती बंद बाल्कनीपेक्षा मोकळ्या जागेत टांगलेल्या व्हँडासारख्या झाडांना शोभते, कारण कुंडीत तिचा साका बसला की चिप्स लवकर कुजतात.

ज्यांची व्यावसायिक लागवड आहे त्यांनी अंदाजावर न राहता पानांचे परीक्षण करून घ्यावे. नाशिकचे द्राक्षबागायतदार देठ परीक्षण करतात तसे नुकत्याच पक्व झालेल्या पानांचे नमुने प्रयोगशाळेत देता येतात. घरी चार पानांचे एक झाड असलेल्या माणसाला ते शक्य नाही. त्याच्यासाठी नवे पान हीच प्रयोगशाळा आहे.

इथेच संयमाची गरज लागते. फॅलेनॉप्सिस वर्षाकाठी मोजकीच पाने काढते आणि पूर्ण पिवळे झालेले पान कुठल्याही उपायाने परत हिरवे होत नाही. लोहाच्या कमतरतेने फिकट झालेले कोवळे पान दोन-तीन आठवड्यांत थोडे हिरवे होऊ शकते, मॅग्नेशियमच्या कमतरतेतही पिवळेपणा पसरायचा थांबतो. बाकी सर्व ठिकाणी उपाय लागू पडला की नाही, हे पुढच्या फुटव्यावरूनच ठरवावे. त्यामुळे एका वेळी एकच बदल करा: आधी धुणे, मग पाण्याचे मिश्रण, मग सौम्य खत. तीनही गोष्टी एकाच रविवारी केल्यात, तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

ऋतूप्रमाणे यात फेरफार करावा लागेल. मार्च ते ऑक्टोबर वरील प्रमाण ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रिलमधल्या डेंड्रोबियमवर थेट पाऊस पडत असेल, तर कुंडीतले नत्र आणि पालाश धुऊन जात राहते. तेव्हा पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी तेच सौम्य खत द्या. प्रमाण मात्र वाढवू नका, कारण नत्राने लुसलुशीत झालेला फुटवा त्या दमट हवेत काळ्या कुजेला लगेच बळी पडतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री थंड होतात, वाढ मंदावते. तेव्हा तीन आठवड्यांतून एकदा खत पुरे. त्या दिवसांत डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यांची काही पाने पिवळी होऊन गळतील. कांडे टणक आणि हिरवे असेल, तर त्याला काहीही करू नका आणि कापूही नका, पुढच्या फुटव्याला लागणारा साठा त्याच कांड्यात असतो.

तीन आठवड्यांनी फॅलेनॉप्सिसच्या उघड्या मुळांचे छायाचित्र, तिन्ही कुंड्यांतून खाली आलेल्या पाण्याचे आकडे आणि सोसायटीत सॉफ्टनर आहे की नाही एवढे कळवावे, म्हणजे कॅटलियाच्या पुढच्या फुटव्यासाठी कॅल्शियमचे प्रमाण नेमके ठरवता येईल.